मुळ्यांचं फुल सस्पेन्शन

"त्यात काय एवढं? मी घरी बनवीन. निम्म्या पैशात."

भास्करराव मुळ्ये हे वाक्य बोलले तेव्हा त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती आणि भोवती सोसायटीतली अकरा माणसं होती. अकरा हा आकडा त्यांनी पुढे अनेकदा मनात मोजून पाहिला. दोन-तीन असती तर वाक्य मागे घेता आलं असतं. निदान "गंमत केली हो" म्हणून हसता आलं असतं. पण अकरा माणसांसमोर बोललेलं वाक्य म्हणजे रजिस्टर केलेला दस्त. तो रद्द करायचा तर सगळ्यांच्या सह्या लागतात.

निमित्त होतं तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या मेहुण्याचं. तो पुण्याहून गाडीच्या टपावर एक सायकल बांधून घेऊन आला होता. तिला पुढच्या चाकाला तर शॉकॲब्सॉर्बर होतेच, पण सीटच्या खाली मागच्या चाकालाही होता. मेहुणा तिच्यावर बसून जिन्याच्या चार पायऱ्या खडखड उतरला आणि खाली येऊन जांभई दिल्यासारखा उभा राहिला. "हिला फुल सस्पेन्शन म्हणतात," तो म्हणाला, आणि किंमत सांगितली. त्या किमतीला २००३ साली रत्नागिरीत बरी चालणारी स्कूटर मिळत होती. सगळे गप्प झाले. त्या शांततेचा मोह भास्कररावांना आवरला नाही.

भास्करराव एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होते. यंत्राशी त्यांचा संबंध स्टेपलरपुरता. तरी त्यांना आपल्यात एक इंजिनिअर दडलेला आहे अशी शंका फार वर्षं होती, कारण एकदा त्यांनी घरचा मिक्सर उघडून पुन्हा बंद केला होता. तो चालू झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्याच दिवशी ते सायबर कॅफेत गेले आणि कमी खर्चात अशी सायकल कशी बनवावी यावरची अठरा पानं छापून घेऊन आले. घरी पलंगावर ती पसरली. वैदेहीवहिनी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. वह्या तपासता तपासता त्यांनी विचारलं, "तुम्हाला सायकल चालवता येते का हो?"

"प्रश्न चालवण्याचा नाहीये. बनवण्याचा आहे."

"शेवटची कधी चालवलीत?"

"कॉलेजात."

वहिनींनी लाल शाईने कुणाच्या तरी वहीत फुली मारली. ती फुली आपल्यालाच होती असं भास्कररावांना उगाचच वाटलं.

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे रावजी सुर्वे निवृत्त तलाठी. ते म्हणाले, "मागे मोपेडचा शॉकॲब्सॉर्बर टाका. पुढेही मोपेडचाच टाका. मधे इंजिन टाकलंत की झाली मोपेड. मग सायकल कशाला?"  पण सल्ला निम्मा उपयोगी होता. भंगारवाल्याकडून एक जुनी गिअरची सायकल आली, एका मेलेल्या मोपेडचा पुढचा भाग आला, आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरसाठी भास्कररावांनी पुण्याच्या एका दुकानाला पत्र घातलं. पत्ता कचेरीचा दिला. घरी टपाल उशिरा येतं म्हणून.

दुकानदाराने उत्तर पोस्टकार्डावर पाठवलं. पोस्टकार्ड ही सर्वांनी वाचायची वस्तू आहे असा त्या कचेरीचा जुना समज होता. आवक शाखेतल्या धोंडूने वाचलं, त्याने लेखा शाखेला दाखवलं, आणि दुपारपर्यंत ते साहेबांच्या टेबलावर होतं. "श्री. मुळ्ये यांस, आपल्या फुल सस्पेन्शनबाबत कळविण्यात येते की मागचे सस्पेन्शन तयार आहे. पुढचे हवे असल्यास त्वरित कळवावे."

साहेबांनी बोलावलं. "मुळ्ये, तुमचं मागचं सस्पेन्शन कधी झालं होतं?"

वीस वर्षं इतरांच्या निलंबनाचे आदेश टाइप करणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला. भास्करराव सायकलबद्दल सांगू लागले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हेच लेखी द्या." लेखी खुलासा दिला. तो खुलासा नस्तीत, म्हणजे फायलीत, लागला, आणि नस्तीवर कुणीतरी नेटक्या अक्षरात विषय लिहिला, 'मुळ्ये, निलंबन'. संध्याकाळी घरी पोचतात तो रावजी सुर्वे कोचावर बसलेले. ते वहिनींना सांगत होते, "धीर धरा. निम्मा पगार मिळतो. माझ्या एका सर्कल इन्स्पेक्टरला सहा महिने घरी बसवलंन्, पण शेवटी घेतलंन् परत."

इथेच थांबायला हवं होतं. पण अपमान झालेल्या माणसाला थांबणं म्हणजे अपमान मान्य करणं वाटतं.

आता सायकलचा मुख्य प्रश्न असा की मागचं चाक वर-खाली व्हायचं, तर सांगाडा मधोमध कापून तिथे बिजागरीसारखा हलता सांधा करावा लागतो. रत्नागिरीतल्या चार सायकल दुकानदारांनी त्यांना नम्रपणे बाहेरचा रस्ता दाखवला. पाचव्याने राजिवड्याच्या हमीद सोलकरचं नाव सांगितलं.

हमीदभाईंचं खाडीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप होतं. पन्नाशी उलटलेली. बारा वर्षं बाहरीनच्या गोदीत वेल्डिंग करून ते परत आले होते आणि आता मच्छीमार ट्रॉलरची सुकाणू, गॅलरी, जाळी ओढायच्या चौकटी बनवायचे. त्यांनी ती अठरा पानं हातात घेतली आणि चित्रंच तेवढी पाहिली.

"होईल," ते म्हणाले. "पण मुळ्येसाहेब, सगळा भार या एका सांध्यावर. इथे मी बोटीचा बोल्ट टाकणार. सुकाणूला असतो तो."

आठवडाभर भास्करराव कचेरी सुटली की तिथे जाऊन स्टुलावर बसत आणि सूचना करत. हमीदभाई तोंडावर काच ओढून घेत. ती काच ठिणग्यांसाठीच असते असं भास्कररावांना वाटत होतं. शेवटी सायकल उभी राहिली. वजनाने ती म्हशीच्या रेडकासारखी होती, पण सीट दाबली की खरोखरच खाली जायची आणि वर यायची. हमीदभाईंनी मधल्या बोल्टवर बोट ठेवलं. काळपट, जाडजूड, एका बाजूला इंचभर बाहेर आलेला बोल्ट. "सायकल विका, रंगवा, काय हवं ते करा. हा काढू नका."

"छे छे," भास्करराव म्हणाले.

सायकल पाहायला उन्मेष आला. तो एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर, आणि त्या दिवशी त्याच्याकडे बातमी नव्हती. त्याने विचारलं, "हे सगळं तुम्हीच केलंत?"

इथे खरं म्हणजे एकच शब्द बोलायचा होता, आणि तो 'नाही' हा होता. भास्करराव म्हणाले, "म्हणजे... डिझाइन माझंच. वेल्डिंगबिल्डिंग काय, कुणीही करतो."

दोन दिवसांनी बातमी आली, 'रत्नागिरीच्या लिपिकाने साकारली परदेशी तोडीची सायकल'. कचेरीत चहा झाला. साहेबांनी हात मिळवला. आणि एका मित्रमंडळाने त्या रविवारच्या सायकल फेरीचं नेतृत्व त्यांना देऊ केलं. रत्नागिरी ते आरे-वारे, तिथे समुद्रावर सत्कार, मोठा फोटो पहिल्या पानावर.

मोठा फोटो म्हटल्यावर भास्कररावांनी सायकल नव्या नजरेने पाहिली. सगळं छान होतं. निळा रंग, चंदेरी पट्टे. फक्त मधोमध तो काळा बोल्ट, चेहऱ्यावर चामखीळ असावी तसा. शनिवारी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पलंगाला लावतात तो गोल डोक्याचा निकेलचा चकचकीत बोल्ट घेऊन आले. अगदी मापात बसला. एका फेरीचा तर प्रश्न होता. परत आल्यावर जुना लावून टाकायचा.

रविवारी सकाळी चाळीसएक सायकली निघाल्या. भास्करराव पुढे होते ते पहिला किलोमीटरभर. पुढे ते मधे होते, मग शेवटी, मग शेवटच्या सायकलच्याही मागे येणाऱ्या पाण्याच्या टेम्पोत. पण आरे-वारेच्या उताराच्या डोक्यावर मंडळाच्या लोकांनी त्यांना सायकलसकट सन्मानाने खाली उतरवलं. खाली सुरूच्या झाडांत मांडव होता, पाहुणे होते, सरबताचं टेबल होतं, आणि कॅमेरा घेऊन उन्मेष होता.

उतार चांगला लांब आहे. समोर समुद्र. भास्कररावांनी ब्रेक सोडले आणि कधी नव्हे तो वारा त्यांच्या अंगात शिरला. खड्डा आला, सायकल त्यावरून तरंगत गेली. दुसरा आला, तशीच गेली. त्यांना वाटलं, अरे, हे तर खरंच जमलंय! हा आनंद साधारण सात सेकंद टिकला. तिसऱ्या खड्ड्यात 'टण्' असा आवाज झाला, देवळात घंटा वाजावी तसा. सायकल मधोमध मिटली. सीट मागच्या टायरवर जाऊन बसली, सीटबरोबर भास्कररावही, आणि टायर फिरतच होता. जे काय व्हायचं ते विजारीचं झालं. पुढचं चाक मांडवाकडे पाहत आडवं झालं, आणि सत्कारमूर्ती वाळूवरून घसरत सरबताच्या टेबलाखाली आले.

लागलं फार नाही. कोपर खरचटलं. लोक धावले. आणि त्या गर्दीच्या पायांमध्ये, वाळूत, भास्कररावांना ते दिसलं. निकेलचं चकचकीत गोल डोकं, तुटलेलं. कुणी पाहायच्या आत त्यांनी ते मुठीत घेतलं. मूठ खिशात गेली.

"काय झालं? काय तुटलं?" उन्मेषने विचारलं.

"वेल्डिंग," भास्करराव म्हणाले. "वेल्डिंग सुटलं."

हे वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. पण म्हटल्यावर बरं वाटलं, हे त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं. उन्मेषने पुढचा प्रश्न विचारला, "वेल्डिंग कुणाचं होतं?" आणि भास्कररावांनी नाव सांगितलं. वेल्डिंग चांगलं होतं तेव्हा ते कुणाचंच नव्हतं.

सोमवारी पेपरात आलं, 'सदोष वेल्डिंगमुळे अपघात, संशोधक बालंबाल बचावले'. खाली राजिवड्याच्या हमीद सोलकरचं पूर्ण नाव.

संध्याकाळी हमीदभाई स्वतः आले. पायऱ्यांखाली ठेवलेल्या सायकलजवळ उकिडवे बसले. सांध्याच्या कडेने अंगठा फिरवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग बोल्टच्या रिकाम्या भोकात करंगळी घातली आणि बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. निकेलचा बारीक चुरा चमकत होता. त्यांनी मान वर करून भास्कररावांकडे पाहिलं. भास्करराव म्हणाले, "चहा घेणार ना?"

"पाणी द्या," हमीदभाई म्हणाले. उभ्यानेच पाणी प्यायले, पेला वहिनींच्या हातात नीट दिला आणि गेले. काही बोलले असते, दोन शिव्या दिल्या असत्या तर भास्कररावांना झोप लागली असती.

गुरुवारी वैदेहीवहिनी शाळेतून आल्या त्या पर्सही न ठेवता समोर बसल्या. हमीदभाईंची मुलगी महरीन त्यांच्याच शाळेत शिकवायची. तीन दिवस ती स्टाफरूममध्ये त्यांच्याशी बोलली नव्हती. आज वहिनींनीच विचारलं तेव्हा तिने सांगितलं. झुबेदाबी होडेकरांच्या तीन ट्रॉलर. त्यातल्या एकीच्या सुकाणूचं काम हमीदभाईंकडे होतं. पेपर वाचून झुबेदाबींनी ते उचलून दाभोळला पाठवलं. आणखी दोघांनीही सांगितलं, आता थांबू या. "समुद्रात जोड सुटला तर वाळूत पडत नाही माणूस, असं म्हणाल्या म्हणे त्या," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पर्स उघडली आणि ते तुटकं निकेलचं डोकं टेबलावर ठेवलं. "हे तुमच्या विजारीच्या खिशात होतं. धुताना मिळालं. मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल."

भास्कररावांनी सगळं सांगितलं. फोटोपासून मुठीपर्यंत.

वहिनींनी ऐकून घेतलं. "मला कशाला सांगताय? मी काय ट्रॉलर चालवते?"

भास्करराव सरकारी माणूस. चूक झाली की तिचा खुलासा करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. रात्रभर बसून त्यांनी मसुदा केला आणि शुक्रवारी उन्मेषला नेऊन दिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर सायकलीच्या बाबतीत काही अंशी बदल करण्यात आल्याचे निदर्शनास आले असून सदर बाब अनवधानाने घडून आली आहे. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.'

उन्मेषने दोनदा वाचलं. "यात कुणी काय केलं, काका?"

"सगळं आहे त्यात."

"बरं, छापतो."

शनिवारी ते 'हरवले-सापडले'च्या खाली छापून आलं. रावजी सुर्वे पेपर घेऊन खाली धावत आले. "वाचलंत? त्या वेल्डरने माफी मागितलीन् शेवटी! लेखी!"

भास्करराव त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा मसुदा परका माणूस वाचतो तसा वाचत बसले. त्यात माणूसच नव्हता. बदल आपोआप करण्यात आला होता, बाब आपोआप घडून आली होती. वीस वर्षं ते अशाच भाषेत लिहीत होते, आणि ती कशासाठी बनवलेली आहे हे त्यांना त्या सकाळी कळलं.

त्यांनी सायकलचा मागचा सांगाडा सुटा केला. रिक्षावाला एवढं लोखंड आत घेईना. मग तो खांद्यावर टाकून मुळ्ये घरून, शिवाजीनगरहून, चालत निघाले, बाजारातून, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोरून, मिरकरवाड्याच्या बंदरावर. वाटेत सात जणांनी विचारलं, "काय मुळ्ये, काय झालं?" सातही जणांना त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर एकदाच द्यायचं बळ होतं.

झुबेदाबी धक्क्यावर खुर्ची टाकून बर्फाच्या गाडीचा हिशेब बघत होत्या. साठीच्या, डोक्यावरून पदर, डोळ्यांना जाड चष्मा. शेजारी एका ट्रॉलरचं इंजिन धडधडत होतं.

"मी भास्कर मुळ्ये. त्या सायकलच्या संदर्भात..."

"काय?"

"त्या सायकलच्या बाबतीत थोडा गैरसमज झालेला..."

"मोठ्यानं बोला! इंजिन चालू आहे!"

"बोल्ट मी बदलला होता!" भास्करराव ओरडले. जाळी शिवणारे हात थांबले. "हमीदभाईंचा चांगला बोल्ट काढून मी पलंगाचा लावला! फोटोसाठी! तो तुटला! वेल्डिंगला काही झालं नाही! मी खोटं बोललो!"

नेमकं शेवटच्या वाक्याला कुणीतरी इंजिन बंद केलं. 'मी खोटं बोललो' हे अख्ख्या बंदराने स्वच्छ ऐकलं.

झुबेदाबींनी चष्मा काढून पुसला. "पलंगाचा?"

"हो."

"दाखवा."

त्यांनी तुटकं डोकं दिलं. ते हातोहात फिरलं. एका खलाशाने चावून पाहिलं, का ते देव जाणे. मग झुबेदाबींनी सांगाडा क्रेनच्या आकड्याला अडकवायला सांगितला आणि त्याला खालून ट्रॉलरचा नांगर बांधला. दोन माणसांना उचलत नाही असा नांगर. क्रेनने वर घेतला. सगळे माना वर करून पाहत होते. सांगाडा एकदा कुरकुरला, आणि नांगर घेऊन निवांत लटकत राहिला.

"राहू दे वर," झुबेदाबी म्हणाल्या. "क्रेन लागेपर्यंत बघू देत सगळ्यांना." आणि पदराआडून मोबाइल काढून त्यांनी दाभोळला फोन लावला. "ते सुकाणू आहे तसं ठेवा. हात लावू नका. माणूस पाठवते न्यायला."

भास्करराव मागे वळले तर हमीदभाई सायकल धरून उभे होते. साधी, काळी, दांड्याची सायकल. कुणीतरी धावत जाऊन बोलावून आणलं असणार. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"हमीदभाई, मी..."

"ऐकलं. राजिवड्यापर्यंत ऐकू आलं."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. मग का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, वेल्डर आपलं झाकतोय." हमीदभाईंनी वर लटकणाऱ्या सांगाड्याकडे एकदा पाहिलं. अंदाज घ्यावा तसं. "मी घरी तीन दिवस तेच बोलत होतो. महरीन म्हणाली, अब्बा, आता पुरे."

माफी कशी मागायची याचा मसुदा भास्कररावांनी वाटेत केला होता, पण आता त्यातला एकही शब्द आठवेना.  खांद्यावर निळ्या रंगाचा वळ उठला होता.

"चालत आलात?"

"हो."

"बसा मागे. सोडतो."

"नको, नको. मी जाईन."

"बसा म्हणतो ना."

भास्करराव कॅरिअरवर एकाच बाजूला पाय सोडून बसले. ज्या बाजारातून आले त्याच बाजारातून परत. बाजारातले ते सातही जण पुन्हा दिसले. या वेळी कुणी काही विचारलं नाही. पाहिलं मात्र सगळ्यांनी. पुढे हमीदभाईंचा सदरा घामाने पाठीला चिकटत चालला होता, आणि त्या पाठीकडे बघणं सोडून दुसरीकडे बघण्याचं धैर्य भास्कररावांना होत नव्हतं.

जयस्तंभाच्या पुढे चढ लागला. सायकल मंदावली. हमीदभाई पेडलवर उभे राहिले. भास्करराव हळूच खाली उतरले, कॅरिअर धरलं आणि मागून ढकलायला लागले.